झेंड्याला निरगाठ

सव्वीस जानेवारीच्या झेंड्याला मी निरगाठ मारली. ओढलं की सुटते ती सुरगाठ, ओढलं की आवळते ती निरगाठ. झेंड्याला सुरगाठ लागते. मी दुसरी मारली, आणि सगळ्या गावासमोर झेंडा फडकलाच नाही.

आमच्या भागात ही गोष्ट माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. लग्नाच्या मांडवात जेवणं आटोपली की कोणीतरी म्हणतंच, "धनलालभाऊ, तो झेंडेवाला किस्सा होऊन जाऊ द्या." मग मी उभा राहतो. सकाळी घाईत पायजाम्याची नाडी कशी आवळली, पायजामा सुटण्याची मला कशी कायमची धास्ती – कारण साळीच्या, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या, लग्नात तो खरोखर सुटला होता – आणि त्याच तंद्रीत झेंड्यालाही तीच गाठ कशी बसली, हे मी हातवारे करून सांगतो. सगळ्या गावाच्या माना कशा वर, हेही करून दाखवतो. लोक पोट धरून हसतात. असा माल माझ्याकडे भरपूर आहे. गोंदियाच्या बाजारातून घरी यायला निघालो आणि उलट्या गाडीत बसून डोंगरगडला उतरलो. भलत्याच वरातीत नाचलो, जेवलो, वर आहेर देऊन आलो. माझ्या फजित्यांवर गावात माझी पत टिकून आहे. आणि एक सांगू? स्वतःवर हसणाऱ्या माणसावर कोणी संशय घेत नाही. हे मला फार लवकर कळलं.

वरातीचं खरं आहे. डोंगरगडचं खरं आहे. पायजाम्याचं, साळीच्या लग्नापुरतं, खरं आहे.

झेंड्याचं खोटं आहे.

हे माझ्या तोंडून आजवर कोणी ऐकलेलं नाही. बायकोनंही नाही. सांगायला लागलो की जीभ आपली पायजाम्याकडे वळते. आताही वळत होती. आवरतो.

गोंदिया नुकताच भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या ग्रामपंचायतीचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघालं. त्याआधी वर्षानुवर्षं माझे मोठे काका सरपंच होते. सोडत निघाली त्या दिवशी काका जेवले नाहीत. मग आम्ही जमीनवाली मंडळी बसलो आणि ठरवलं – बाई पाहिजे तर पाहिजे, पण बोलणारी नको. तलावाच्या पाळीपलीकडे बौद्ध टोली, म्हणजे बौद्धांची वस्ती, आहे. तिथली इंदूबाई माझ्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाच्या रोवण्याला यायची. मान खाली घालून रोवायची, मजुरी घ्यायची, जायची. नाव मीच सुचवलं. मी उपसरपंच झालो. सही तिनं करायची, कारभार आम्ही करायचा. राखीव जागांची अशी व्यवस्था तुमच्याकडेही पाहिली असेल तुम्ही. या व्यवस्थेला आम्ही 'सगळ्यांना सोबत घेऊन जाणं' म्हणायचो.

कमी बोलणाऱ्या बाईच्या डोक्यात काही नसतं, असं मी धरून चाललो होतो. फजित्या सांगताना ही मी कधी सांगत नाही. काऊन, ते माहीत नाही. हसू येत नाही म्हणून असेल.

नळयोजना मंजूर झाली होती, ती टोलीचं नाव सांगूनच आणलेली. टोलीतली विहीर होळी झाली की आटायची. मग तिथल्या बायका गावातल्या विहिरीवर यायच्या. त्यांना कोणी मनाई करत नाही, हे मी बाहेरच्या लोकांना छाती काढून सांगत असे. आणि खरंच, कोणी करत नव्हतं. फक्त आमच्या घरच्या बायकांचं भरून होईपर्यंत त्या घागरी घेऊन बाजूला उभ्या राहायच्या. किती वेळ? ते आम्ही कधी पाहिलं नाही. आम्हाला पाणी घरात भरलेलं दिसायचं.

पाइप आला तो एकाच दिशेला पुरेल एवढा. टोलीकडे न्या, नाहीतर आमच्या आळीत आणा. आळीत आणायचा तर ग्रामसभेचा ठराव लागणार होता, आणि ग्रामसभा सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झालं की लगेच.

आदल्या दिवशी इंदूबाई माझ्या घरी आली. अंगणातच उभी राहिली. सरपंच झाली तरी ओसरीवर चढली नाही, आणि मीही चढा म्हटलं नाही.

"धनलालभाऊ," ती म्हणाली, "उद्या झेंडा झाला का सभेत मी बोलणार हाय. नळ आमच्या टोलीतच आला पाहिजे. तुमी फक्त हो म्हणजा. तुमी हो म्हटलं का बाकीचे नाही म्हणत नाहीत."

मी हो म्हटलं.

जाता जाता ती घुटमळली. म्हणाली, "अन् झेंड्याची दोरी कशी ओढाची, ते दाखवून द्या. मी कधी ओढली नाही. चारचौघांत हसं नको व्हायले."

मी दाखवलं. गोठ्यातलं दावं घेतलं, अंगणातल्या खांबाला सुरगाठ मारली आणि तिच्या हातात टोक दिलं. हलका झटका द्यायचा, ताकद लावायची नाही, असं सांगितलं. तिनं झटका दिला. गाठ अलगद सुटली. ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं – माझ्या शेतावर इतकी वर्षं राबत होती, तरी पहिल्यांदा. पुन्हा बांधा म्हणाली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली.

म्हणजे पाहा – मला गाठ येत होती. शाळेत स्काउटमध्ये होतो, तेव्हापासून गावचा झेंडा मीच बांधत आलो. पायजामा वेगळा, झेंडा वेगळा, हे माझ्या बोटांना झोपेतही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीच्या खोलीत मी एकटाच बसून झेंड्याची घडी घालत होतो. आत झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. बाहेर काका खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला काही सांगितलं होतं का? नाही. कोणी दटावलं, पाठीवर हात ठेवून सुचवलं? नाही. इतकी वर्षं मी मनातल्या मनात शोधतो आहे – कोणीतरी, एखाद्यानं तरी, मला हे करायला सांगितलं असेल. सापडत नाही. खोलीत मी होतो आणि दोरी होती. हात थांबला होता, हेही खरं. थांबला, आणि मग चालला.

इंदूबाई पांढरी साडी नेसून आली. तिच्या मागं अख्खी टोली. झेंडावंदनाला कधी न येणारी म्हातारी माणसंही धुतलेले कपडे घालून कुंपणाशी उभी होती. तिनं, मी शिकवला होता तसा, हलका झटका दिला. काही झालं नाही. दुसरा दिला. मग जरा जोरात. वर गाठ आवळत गेली. शाळेची पोरं फिसकन हसली. मोठी माणसं अजून हसत नव्हती. त्यांना मी हसवलं. मी मोठ्यानं म्हणालो, "जोर लावा, बाई. पऱ्हे उपडता तसं उपडा."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती उपडायला इंदूबाई माझ्याच बांधीत वाकलेली असायची.

गाव हसलं. झकास हसलं. मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या मिळवल्या, पण इतका नेमका विनोद मला पुन्हा जमला नाही. तिनं दोन्ही हातांनी दोरी ओढली आणि झेंडा गाठोड्यासारखा घसरत खाली आला, तिच्या डोक्याशी लोंबत राहिला. एक पाकळी पडली नाही.

मग काका उठले. झेंड्याचा अपमान झाला, म्हणाले, आज सभा होणार नाही. झेंडा पुन्हा बांधायला मला बोलावलं. मी सुरगाठ मारली. काकांनी ओढली, आणि पाकळ्या त्यांच्या टोपीवर पडल्या. राष्ट्रगीत झालं. इंदूबाई मागच्या रांगेत उभी राहून म्हणत होती. तिचे ओठ हलत होते, एवढं मी पाहिलं.

टोलीतली तरुण पोरं चिडली होती. तक्रार करतो म्हणत होती. तेव्हा, त्याच संध्याकाळी, पानठेल्यावर मी पायजाम्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, कान धरले. बघता बघता सगळे हसायला लागले. टोलीतली दोन पोरंही हसली. राग हसण्यात विरघळतो, हे तुम्ही कधी पाहिलंय? फार सुंदर दिसतं ते. आपण केलेलं असेल तर पाहवत नाही, एवढंच. पण मी पाहिलं, आणि चहा पाजला.

राहिलेली सभा पुढं झाली. तहकूब सभेला किती माणसं हजर पाहिजेत याचं बंधन नसतं. हा कायदा मला तोंडपाठ होता, असल्या कामाचे कायदे मला पाठ असतात. उन्हाळी धानाचा रोवणा सुरू होता. सभेच्या दिवशी टोलीतली झाडून सगळी माणसं मी माझ्या बांधीत कामाला बोलावली. बायका रोवायला, गडी पऱ्ह्यांच्या पेंड्या वाहायला. मजुरी नेहमीपेक्षा जास्त कबूल केली. लोक मला दुवा देत चिखलात उतरले.

सभेत इंदूबाई सरपंचाच्या खुर्चीवर एकटी बसली होती. नळाचा विषय निघाला. तिनं माझ्याकडे पाहिलं. अंगणात दिलेला तो हो – त्याची ती वाट पाहत होती, अजूनही. मी म्हणालो, नळ आधी आळीत यावा, टोलीचं पुढच्या वर्षी बघू. हात वर झाले. तिनं सही केली.

त्यानंतर तिच्या कारकिर्दीत ती सभेत एक शब्द बोलली नाही. पंधरा ऑगस्ट आला की म्हणायची, काकाजी ओढतील. झेंडा दरवेळी डौलात फडकला. बांधत मीच होतो.

नळ माझ्या अंगणात आहे. ज्या खांबाला दावं बांधून तिला शिकवलं, त्याच्याच शेजारी. तोटीचं वायसर खराब झालंय, दिवसभर ठिबकतो. बदलायचं राहून जातं.

आता तुम्ही म्हणाल, हे त्या काळचं वातावरण, काकांचा धाक, राजकारणाची रीत. असं म्हणू नका. मी म्हणून पाहिलंय. टिकत नाही. काकांना धाक असला तर माझ्या जिभेचा होता, कारण पंचायत हसली की ठराव पास व्हायचा. आणि जातीचं म्हणाल तर मी कधी कोणाला जातीवरून शिवी दिली नाही. तशी गरजच पडली नाही. माझं काम हसवून होत होतं.

काका गेले. सरपंच बदलत गेले, आरक्षण फिरत राहिलं. टोलीला हातपंप मिळाला. त्याला लाल पाणी येतं, भांडी घासायला चालतं. पिण्याचं अजून गावातूनच न्यावं लागतं. बिरसीला विमानं चालवायला शिकवणारी शाळा आली. शिकाऊ पोरं दिवसभर आमच्या डोक्यावरून घिरट्या घालतात. आणि मी मांडवामांडवात तोच किस्सा सांगत राहिलो, तो इतका सफाईदार झाला की सांगताना मलाच खरा वाटायला लागायचा.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नात तो सांगत होतो. हसता हसता पोरं खुर्च्यांवरून घसरत होती. मांडवाच्या कडेला इंदूबाई पत्रावळी गोळा करत होती. थांबली, शेवटपर्यंत ऐकलं, आणि पुढची पत्रावळ उचलली. बस्, एवढंच. पण दुसरा किस्सा न सांगताच मी घरी निघालो.

दोन-चार दिवसांनी एका सकाळी मी पाळ ओलांडून टोलीत गेलो. इतक्या वर्षांत मी तिच्या दारात गेलो नव्हतो, मतं मागायची वेळ सोडून. ती घागर घेऊन निघतच होती. म्हातारी झाली आहे. मी दारातच उभा राहिलो, वाट अडवून. काय बोलायचं ते येताना घोकून ठेवलं होतं, आणि त्यात पायजामा नव्हता, शपथ सांगतो. वरून विमान घरघरत गेलं. त्याचा आवाज जाईपर्यंत थांबलो, आणि म्हणालो, "इंदूबाई, त्या झेंड्याची गाठ –"

वाक्य पुरं झालंच नाही. तिनं घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. रागावलेली नव्हती. कंटाळलेली होती.

"सारे वर पाहून राहिले होते, भाऊ. तुमी एकलेच खाली पाहत होते. मले तवाच समजलं. सरका आता दारातून, पाणी आणाले जाचं हाय."