दाढेचा खड्डा

मुरबाडला ह्यांची दाढ काढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "यांना साखर आहे, गोळ्या चुकवू नका. आठ-दहा दिवसांत जखम भरत येईल." तीन आठवडे झाले तरी खड्डा उघडाच होता.

रोज सकाळी ह्यांना ओट्यावर बसवून मी मोबाइलच्या बॅटरीचा उजेड ह्यांच्या तोंडात धरायची. कड लाल, आत पांढरट काहीतरी, आणि वास. वासाचं मी बोलायची नाही. तीस वर्षं तंबाखू चघळलेलं तोंड ते. माझ्या डोक्यात जो आजार होता त्याचं नाव आमच्या वैशाखरे गावात घरात कोणी घेत नाही, मीही घेतलं नाही. पण ह्यांनी आ केला की माझी पाचावर धारण बसायची.

"भरतंय का गो?" ते विचारायचे.

"भरतंय की! तुमी बोलू नका, दुखंल." खोटं बोलताना माझा आवाज चढतो, हे त्यांना लग्नापासून माहीत.

चावता येईना, म्हणून मी पेज सुरू केली. आमच्याकडे आजारी माणसाला पेजच. ताकद यावी म्हणून वर गुळाचा खडा, दिवसातून चारदा. आणि साखरेच्या गोळ्या उचलून फळीवर ठेवल्या. त्या घ्यायच्या जेवणानंतर, आणि पेज म्हणजे काय जेवण? उपाशीपोटी गोळी दिली आणि चक्कर येऊन पडले तर? घरात माझाच कायदा. ह्यांनी एका शब्दानं विचारलं नाही.

मग एका सकाळी ह्यांच्या जबड्याखाली माझ्या बोटांना गाठ लागली. तशीच पहिल्या एस्टीनं ह्यांना मुरबाडला नेलं.

बाईंनी बोट टोचून साखर बघितली आणि आकडा पुन्हा वाचला. "खातात काय?" मी ऐटीत सांगितलं. "आणि गोळ्या?" तेही सांगितलं.

"अहो ताई, पेज म्हणजे भातच. वर गूळ, आणि गोळी बंद! रक्तात एवढी साखर असली की जखम भरत नाही, उलट पिकते. गाठही बहुतेक त्यामुळेच. आधी साखर खाली आणू. तरी नाही भरली, तर तुकडा तपासायला पाठवू."

तुकडा पाठवावा लागला नाही. पण ते पुढचं, त्या दिवशी कुठं माहीत होतं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी मी एस्टीत बसले. भीती होतीच, वर स्वतःचाच राग, आणि तो काढला ह्यांच्यावर. "तुमी तरी एकदा इचारायचं ना, गोळ्या का बंद केल्या म्हनून!"

ते खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी जखम धुऊन ठेवलेला कापूस तोंडात सांभाळत हळू म्हणाले, "मला वाटलं, तुला कळलंय. आता काय उपेग नाय, म्हनून तू गोळ्या बंद केल्यास."