फाटकाचे गज वाकडे दिसू लागले

"काकू, डावा डोळा तळहाताने झाका आणि माझ्या तोंडाकडे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी बघितलं. त्यांचे केस दिसले, कानातल्या कुड्या दिसल्या, कोटाची कॉलर दिसली. चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग होता.

आजाराचं नाव वेट मॅक्युलर डीजनरेशन. डोळ्याच्या पडद्याचा जो मधला भाग आपल्याला अक्षरं आणि चेहरे दाखवतो, त्याच्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरत राहतात. मग ओसीटी झाली, म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो. ती दुखत नाही. उजव्या डोळ्यात पाणी साठलं होतं आणि व्रणही धरला होता. "पाणी इंजेक्शनने कमी होईल, व्रण जाणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "चार महिने आधी यायला हवं होतं."

चार महिने मी काय करत होते ते सांगते. सांगायची लाज वाटते, पण तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता तेच करत असेल.

मी सोलापुरात शाळेत शिकवायची. निवृत्त झाले आणि गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून घरात बसूनच बागेतल्या पक्ष्यांचे फोटो काढू लागले. पुढच्या खिडकीला जुना पडदा, पडद्याला भोक आणि भोकात लेन्स. बाहेर डाळिंब, जास्वंद आणि पाण्याची मातीची परात. आमच्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, पण परातीवर बुलबुलांची भांडणं चालू असतात. पाण्यावर उतरण्याआधी सगळे फाटकावर बसतात, त्यामुळे माझा कॅमेरा कायम फाटकावर रोखलेला असे.

एके सकाळी कॅमेऱ्यातून फाटकाचे गज मधेच वाकलेले दिसले. कुणीतरी टेम्पो मागे घेताना ठोकलं असणार, असं मी ठरवूनच टाकलं. हे म्हणाले, "फोटोत तर सरळ दिसतंय की." मी म्हटलं, हल्लीचे कॅमेरे आपोआप सुधारून घेतात. आमच्या घरात माझंच खरं असतं.

वेल्डिंगवाला नागेश माझाच जुना विद्यार्थी. त्याने गजाला वरपासून खालपर्यंत दोरी लावली. "बाई, गज सरळ हाय. तुमीच बगा की." मी कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हटलं, वाकडा आहे, काढ आणि नीट कर. बाई म्हणतात म्हणून बिचाऱ्याने चांगलं फाटक उखडून दुकानात नेलं आणि दोन दिवसांनी जसंच्या तसं आणून बसवलं. निघताना हळूच म्हणाला, "बाई, एकदा डोळं दावून घ्या." माझं डोकं तापलं. आदल्याच वर्षी मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती, दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं होती. आणि ज्याला मी बाराखडी शिकवली, तो मला शहाणपण शिकवत होता.

दोन्ही डोळे उघडे असताना काही कळत नाही. चांगला डोळा आजारी डोळ्याचं झाकून नेतो. हाच या दुखण्याचा कावा. कॅमेऱ्याला मात्र मी उजवा डोळा लावायची. गज वाकलेच होते, पुढे मधोमध धुरकट दिसू लागलं. मी लेन्स पुसत राहिले. मग एका दुपारी बुलबुलाचा आवाज आला, पण कॅमेऱ्यातून बघितलं तर फाटकावर कुणीच नाही, नुसता डाग. तरी बटण दाबलं. कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर बुलबुल होता, शेंडीसकट स्पष्ट. कॅमेऱ्याला तो दिसला होता, मला नाही. मी खुर्चीत बसून रडले.

इंजेक्शन डोळ्यातच देतात. थेंब घालून आधी बधिर करतात, त्यामुळे दुखतं कमी. आपली पाळी येईपर्यंत बाहेर बसणं जास्त अवघड. तिथे अकलूजहून एसटीने येणाऱ्या एक मावशी भेटायच्या. "नातवाचं तोंड दिसंना," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, पोरगं उनात काळवंडलंय." मला हसू आलं. मग मी त्यांना फाटकाचं सांगितलं.

तीन इंजेक्शनांनी पाणी आटलं, डाग राहिला. मी नागेशला फोन करून सांगितलं. "बाई, तवाच हाताला धरून न्यायला पायजे हुतं," तो म्हणाला. दोष त्याचा नव्हता, माझ्या ताठ्याचा होता.

डाव्या डोळ्यातही ड्रुसेन आहेत, म्हणजे पडद्याखाली साचलेले पिवळे ठिपके. तो बिघडेल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आता फोटो डाव्या डोळ्याने काढते, नाक मधे येतं. मला एक कागद दिलाय, अ‍ॅम्सलर ग्रिड. बारीक चौकटी आणि मधे ठिपका. रोज वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेघ वाकली तर त्याच दिवशी यायचं. तुमच्याकडे कागद नसेल तर दाराची चौकट बघा, पण एकेका डोळ्याने बघा. आणि कुणी दवाखान्यात जा म्हटलं तर रागावू नका.

हे रोज शेजारी उभे राहून विचारतात, "सरळ हाय का?" सात महिने मी "सरळ" म्हणत आले.

गेल्या मंगळवारी डाव्या डोळ्याने बघताना ठिपक्याशेजारची रेघ जराशी दबलेली दिसली. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तशीच.

"सरळ हाय का?"

'सरळ' हा शब्द अगदी ओठांवर होता. मला फार भीती वाटली. उजव्या डोळ्यावरचा हात न काढता मी त्यांच्याकडे वळले. पिकलेल्या मिशा, गालावरचा तीळ, काळजीने आक्रसलेलं कपाळ. सगळं अजून दिसत होतं.

"वाकलीय," मी म्हटलं. "रिक्षा बोलवा."