हात न लावायचा दिवस

शिवाजीनगरातलं बॅटरीचं दुकान आणि अंगातला हट्ट, दोन्ही खंडोजीअण्णांना बापाकडून मिळालेले. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मेलेल्या बॅटऱ्या फोडायच्या, त्यातले धड सेल काढून नव्या बांधायच्या, हा त्यांचा धंदा. मग नवा नियम आला. जुनी बॅटरी फोडायची नाही, नोंदणीवाल्या कारखान्यालाच द्यायची. तिच्यावर जन्मापासून मोडीपर्यंत नंबर. "बॅटरीलाही आधार कार्ड!" अण्णा हसले, पण परवाना जाईल म्हणून "सरी, चालेल," म्हणाले.

कारखान्याची गाडी आली ती नेमकी खंडेनवमीला. हत्यारं, चार्जर, बॅटऱ्या, सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं, झेंडू वाहिला होता. पुजलेल्या वस्तूला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, ही घरची रीत.

"अण्णा, काही फुगल्यात. ठेवू नका," ड्रायव्हर म्हणाला.

"स्वल्प थांब रे. उद्या ने." अण्णांनी प्रसाद देऊन त्याला वाटेला लावलं.

दुपारी दुकानात बारीक टकटक सुरू झाली. पाल असेल, म्हणून त्यांनी कानाआड केलं. मग गोडसर, मळमळवणारा वास आला. अण्णांनी पाहिलं, तर एका बॅटरीवरचा झेंडू हळूहळू वर येत होता, जणू खाली कुणी श्वास घेत होतं. वर लाकडी माळ्यावर पाय मोडलेली अहल्या, त्यांची बायको, पडून होती, आणि जिना दुकानातूनच होता.

रीत गेली खड्ड्यात! चामडी हातमोजे चढवून त्यांनी ती बॅटरी मागच्या अंगणातल्या वाळूत नेऊन टाकली. टाकताच ती फुत्कारली आणि भडकली. बाकीच्या त्यांनी फुलांसकट लांब लांब नेऊन ठेवल्या. मग धापा टाकत वर गेले.

"मी हात लावला गं," म्हणताना त्यांना रडूच फुटलं.

"बरं केलंत," अहल्या म्हणाली. "सकाळपासून पाठीखालची फळी उबदार लागतेय. दुखरी पाठ शेकत होती, म्हणून बोलले नाही."

"आता गार झाली असेल."

अहल्येने गादीखाली हात घातला. "नाही हो. जास्तच तापलीय."

नियमवाल्यांच्या नजरेआड, माळ्याच्या फळ्यांखालच्या पोकळीत दडवलेल्या बॅटऱ्या अण्णांना तेव्हा आठवल्या. त्यांनी अहल्येला पाठीवर घेतलं. फळ्यांखालची टकटक आता दोघांनाही ऐकू येत होती.