गळती लहान आहे तोवर

कानामागचा खडू काढायचा, पाइपावर गळतीभोवती गोल करायचा आणि म्हणायचं, "गळती लहान हाय तोवर आपली. मोठी झाली की सायबाची!" एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आमचे मिस्त्री दिवसातून दहादा हे करत. मी तिथे स्टोअरचा कारकून. वायसर न्यायला आले की माझ्या माठाच्या तोटीलाही गोल करून जात. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आधी वैताग येतो, मग त्याची सवय होते.

ब्याऐंशीच्या सुमारास मिस्त्री वाळायला लागले. विचारलं तर म्हणाले, "मूळव्याध हाय. तिखट लय खातो ना." वर्षभर रक्त जात होतं आणि हा माणूस ताक पीत बसला. पाइपाचा थेंब न सोडणाऱ्याने स्वतःची धार सोडली! मला अजून राग येतो.

मुंबईत आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पण तोवर तो यकृतात पोचला होता. तिथल्या डॉक्टरांनी यकृताच्या रक्तवाहिनीतच बारीक नळी घालून औषध सोडायचं ठरवलं. तेव्हा ते नवीनच होतं. मी भेटायला गेलो, तर मिस्त्री मलाच समजावत बसले.

"अख्ख्या प्लांटात औषध फिरवायचं नाय. जिथं बिघाड, त्याच लायनीत. डॉक्टर आपल्यातलाच हाय बघा!"

"त्रास होतो का?"

"उलट्या होतात. पण प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करतात ना, त्या शटडाउनला मी पायजे. या पोरांना पाइपाला कान लावता येत नाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू? डॉक्टरला दाखवायची लाज वाटली. तुम्ही लाजू नका, साहेब."

शटडाउनला ते आले. स्टुलावर बसून बोट दाखवत, पोरं गोल करत. तेवढं एक काम त्या नळीनं पदरात टाकलं. पुढची द्राक्षं निघायच्या आत ते गेले.

दोन-तीन वर्षांनी एका सकाळी मलाही रक्त दिसलं. आदल्या दिवशीच्या मिसळीला दोष देऊन गप्प बसणार होतो, पण त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो आणि लाजत का होईना, सगळं दाखवलं. तपासण्या झाल्या. खरोखरच मूळव्याध निघाली.

एवढा आनंद झाला की मिस्त्रींना सांगायला मी तरातरा वर्कशॉपपर्यंत गेलो. त्यांच्या स्टुलावर कुणीतरी जेवणाचा डबा ठेवला होता.