खिडकी लावल्याची वेळ

माझ्या मामांची तीस वर्षे पाणीपुरवठ्याच्या पंपावर मीटरचे आकडे टिपण्यात गेली. एकही आकडा त्यांनी कधी अंदाजाने लिहिला नाही. त्यामुळे परदेशी पाठवायचे चामडे कमावणारा कारखाना गावालगत आला आणि त्याचा दर्प घराघरांत शिरू लागला, तेव्हा तक्रारीसाठी वासाची रोजची नोंद कोणी ठेवायची, याबद्दल गावात दुमत नव्हते.

मामांना वास येत नाही, हे मामींखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. एका दीर्घ तापानंतर ती जाणीव गेली होती. गावापुढे ते ओशाळून गप्प राहिले. मामी स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावीत, ती वेळ ते घड्याळात पाहून वहीत लिहीत. दोन वर्षे हे बिनबोभाट चालले.

तक्रारीच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी मामांकडे पोचलो. बसमधून उतरताच रुमाल नाकाला लावावा लागला. घरात मात्र खिडकी सताड उघडी होती आणि मामी निवांत भाजी निवडत होत्या.

“सर्दी झाली का रे?”

“वास केवढा येतोय, मामी.”

“कुठला वास? शहरात राहून नाजूक झालास तू.”

मामांनी मला पडवीत नेऊन वही दाखवली. शेवटचे एकोणीस दिवस कोरे होते. नवे यंत्र बसवल्यापासून वास थांबला, असे कारखान्याचे म्हणणे होते, आणि वही त्यांचीच बाजू घेत होती.

“हिनं खिडकी लावली नाही, म्हणून मी लिहिलं नाही,” म्हणत त्यांनी मला सगळे सांगितले. “आता तू सांग. वास गेला होता आणि आज परत आला, की हिलाच कळेनासा झालाय?”

“शेजारी विचारलंत?”

“विचारलं. म्हणाले, वही तुमच्याकडे आणि आम्हाला काय विचारता?”

“मग ‘वास होता’ असं लिहून टाका.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी नजर वळवली. मग शेवटच्या पानावर त्यांनी लिहिले: ‘मला वास येत नाही. या वेळा पत्नीने खिडकी लावल्याच्या आहेत. एकोणीस दिवस खिडकी उघडी आहे. कारण ठाऊक नाही.’

“यानं वही बाद होईल का रे?”

“होईलही. मला नक्की सांगता येत नाही.”

मामींनी मागून येऊन ते वाचले. “अहो, म्हणजे दोन वर्षं माझ्या जिवावर चाललं होतं तर. मग उद्या मलाच न्या की.”

“आणि त्यांनी विचारलं, आत्ता येतो का?”

मामी अंगणात उतरल्या. त्यांनी खोल श्वास घेतला, मग आणखी एक.

“येतोय?” मामांनी विचारले.

“थांबा हो. बघतेय.”