पडदाभर पाऊल

मापवाल्यांचं खरं नाव काय, हे विचारलं तर त्यांच्या गल्लीतली अर्धी माणसं तुमच्या तोंडाकडे बघत बसतील. चाळीस वर्षं एकच धंदा केला तर नाव मागे पडणारच. बाजारातल्या बुटात ज्यांचे पाय मावत नाहीत, त्यांच्यासाठी ते बूट करायचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं बोट बोटावर चढलेलं. पण सगळ्यात जास्त गिऱ्हाईक साखरेच्या आजाराचं. या आजारात पावलांची जाणीव जाते. बुटात खडा गेला तरी माणूस दिवसभर त्यावर चालतो, आणि संध्याकाळी मोजा लाल दिसला की मग कळतं. अशा पायाला बूट सैल झाला तर पाऊल आत घासतं, घट्ट झाला तर कातडी फाटते, आणि ज्याचा पाय तो मात्र हसत म्हणतो, अगदी छान बसलाय हो!

म्हणून मापवाले गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर कधीच जायचे नाहीत. ते गिऱ्हाइकाला जाड कागदावर उभं करायचे, पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ मारायचे आणि मग पाऊल मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी चाचपायचे. कुणी लाजून पाय मागे घेतला तर खेकसायचे, "पाय द्या इकडे, लग्नाचं स्थळ बघायला नाही आलात!"

त्यांच्या थोरल्या बहिणीचीही पावलं नऊ वर्षांपूर्वी अशीच बधिर झाली. ताई दर वर्षी यायची, कागदावर उभी राहायची आणि बासष्ट वर्षांच्या या भावाला 'छोट्या' म्हणून चार गिऱ्हाइकांसमोर त्याची लाज काढायची. यंदा मात्र ती लेकीकडे राहायला गेली. लेकीचं घर पुरत्या एका दिवसाच्या प्रवासावर. ताईच्या गुडघ्यांना तो झेपेना, आणि मापवाल्यांच्या पाठीला डॉक्टरांनी तासाभरापेक्षा जास्त बसायची बंदी घातलेली. ताईचे जुने बूट तर पार झिजले होते. मग भाचीने तोडगा काढला. आईचा पाय पांढऱ्या कागदावर ठेवून तिने वरून फोटो काढला, शेजारी टाचेपासून बोटांपर्यंत एक स्टीलची पट्टी ठेवली आणि फोटो मामाच्या टॅबलेटवर पाठवला. "मामा, पट्टी बघून मोठा करून घे, म्हणजे खरं माप मिळेल."

पोरीची अक्कल चांगली होती, पण टॅबलेट पडला दहा इंची. आडवा धरला तर ताईचं पाऊल खऱ्या मापात निम्मंच दिसायचं, आणि उभा धरला तर बोटांची टोकं बाहेर. मापवाल्यांनी आधी टाचेचा भाग उतरवला, मग बोटांचा, आणि दोन तुकडे जोडले तर मधे पाऊल वाकडं झालं. तीन कागद फाडल्यावर त्यांनी हात टेकले.

"अहो, मोठा पडदा लावा की त्याला," बायको म्हणाली. त्यांची बायको दुकानाचे फोन घ्यायची, कातड्याच्या मागण्या लिहायची आणि नवऱ्याच्या रागाला भीक घालायची नाही. शेजारचं टंकलेखनाचं ऑफिस बंद झालं तेव्हा तिथला एक मॉनिटर तिने हक्काने उचलून आणला होता. तो मापवाल्यांनी बाकावर ठेवला, टॅबलेटची चार्जिंगची वायर घेतली आणि मॉनिटरच्या मागे भोक शोधत बसले.

"त्या वायरीतून वीज जाते हो, चित्र नाही जात."

"तुला कुणी सांगितलं?"

"मोबाइलच्या दुकानदाराने. मी सकाळीच विचारून आले. आपल्या टॅबलेटमधून चित्र बाहेर जातं, नशीब. सगळ्यांतून जात नाही म्हणे." तिने पिशवीतून एक छोटी डबी काढली. डबीचं एक टोक टॅबलेटमध्ये, दुसऱ्या टोकाला मॉनिटरची जाड केबल. दोन्ही जोडलं, तरी पडद्यावर आपलं 'सिग्नल नाही'. मापवाल्यांनी डबीला शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या, मग मॉनिटरच्या कडेवर एक थापट मारली. बायकोने शांतपणे खालचं बटण दाबून, केबल कुठल्या भोकात आहे ते निवडलं, आणि ताईचं पाऊल भक्कन पडद्यावर आलं.

मापवाले बघतच राहिले. टाचेच्या भेगासुद्धा दिसत होत्या. फक्त पडद्याच्या दोन्ही कडांना दोन-दोन बोटांच्या काळ्या पट्ट्या उरल्या होत्या. टॅबलेटचा चौकोन जरा आखूड, मॉनिटरचा जरा लांबट, म्हणून उरलेल्या. दुसरा कुणी असता तर त्याला त्या दिसल्याही नसत्या. पण हा माणूस जन्मभर कातडं कापत आलेला. कातड्याची कड वाया गेली की याच्या पोटात दुखायचं. समोर एवढी जागा रिकामी पडलेली बघून त्यांना चैन पडेना.

"राहू द्या ना, चाललंय तर," बायको म्हणाली.

पण ऐकतील तर शपथ! त्यांनी टॅबलेटमध्ये शोधून शोधून 'पूर्ण पडदा' असं लिहिलेलं हुडकून काढलं आणि त्यावर बोट ठेवलं. काळ्या पट्ट्या गेल्या, चित्र या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलं, आणि मापवाल्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी आपली पट्टी काढून पडद्यावरच्या पट्टीला लावली आणि दहा सेंटीमीटरला बरोबर दहा सेंटीमीटर येईपर्यंत फोटो लहानमोठा केला. पडद्यावरची पट्टी उभी होती, त्यांनीही उभंच मोजलं. आडवं मोजायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. वस्तू एका बाजूने खरी असली की दुसऱ्या बाजूनेही खरी असणार, याच भरवशावर त्यांचा सगळा जन्म गेला होता. काचेवर पातळ कागद चिकटवून त्यांनी मागून येणाऱ्या उजेडात पेन्सिल फिरवली.

मागच्या वर्षीचा कागद त्यावर ठेवला, तेव्हा नवं पाऊल चवड्यापाशी चांगलं बोटाच्या अर्ध्या रुंदीने रुंद भरलं. लांबी तेवढीच.

इथे फोन उचलायचा होता. एक फोन! ताई, पायाला सूज आहे का गं? एवढंच विचारायचं होतं. चाळीस वर्षांत या माणसाने कुठल्याही पायाबद्दल अंदाज बांधला नव्हता, आणि सख्ख्या बहिणीच्या पायाबद्दल बांधला. सूज असणार, वय झालं आता, असं स्वतःशीच म्हणून त्यांनी नव्या मापाने कातडं कापलं.

बूट पोचले त्या दिवशी ताईचा फोन आला. "छोट्या, अरे काय मऊ केलेस! घरभर फिरतेय मी." मापवाले इतके फुलले की तिला पडद्याची सगळी हकिकत दोनदा ऐकवली. पडदा, डबी, केबल, उजेडातली पेन्सिल. "आता तुला यायची गरजच नाही बघ. तू तिथे, मी इथे, आणि बूट तयार!" ताई हसली. त्या दिवसापासून मॉनिटर बाकावरून कधी खाली उतरला नाही.

सात आठवड्यांनी, भर दुपारी, भाचीचा फोन आला. आईच्या उजव्या करंगळीशेजारी जखम झालीय, काळी पडलीय, दोन बोटं तर जाणारच, वर चढली तर पाऊल काढावं लागेल. पाऊल वाचतं का ते तीन दिवस बघू म्हणतायत डॉक्टर. ती रडत रडत एवढंच बोलली. मापवाल्यांच्या हातातली कातडं कापायची रापी तशीच राहिली. ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ "बरं, बरं" एवढंच म्हणत राहिले.

जखमेला कुठेच न टेकणारी एक उघडी चप्पल करून पाठवायची, म्हणून त्यांनी फोटो मागवला. फोटो आला. बँडेज बांधलेलं पाऊल, आणि शेजारी ड्रेसिंगच्या चिकटपट्टीचं रीळ विसरून राहिलेलं. त्यांनी सवयीने टॅबलेट मॉनिटरला जोडला आणि कागद चिकटवायला घेतला.

"अहो," बायको मागून म्हणाली, "हे रीळ असं अंड्यासारखं का दिसतंय?"

"असेल चेपलेलं."

"टॅबलेटवर बघा ना. तिथे चांगलं गोल आहे."

मापवाल्यांनी टॅबलेटवर बघितलं. गोल. वर बघितलं. आडवं पसरलेलं अंडं. त्यांनी पट्टी घेतली आणि पडद्यावरचं रीळ आधी उभं मोजलं, मग आडवं. नवाला दहा. पुन्हा मोजलं. काळ्या पट्ट्या घालवायच्या म्हणून त्यांनी चित्र आडवं ताणलं होतं, आणि त्याबरोबर बहिणीचं पाऊलही ताणलं होतं. सूजबीज काही नव्हती. ताईचं पाऊल होतं तेवढंच होतं, आणि ते सात आठवडे एका सैल बुटात डावी-उजवीकडे घासत होतं.

बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी झटकला, आणि मग स्वतःच पकडून धरला.

त्यांनी ताईला फोन लावला. "ताई, बूट सैल होते."

"माहीत आहे रे," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं. पायाला नाही, कानाला. चालताना फटक फटक वाजायचे. मग मी कडेला कापडाची घडी घातली. तीच रुतली असणार."

"मग सांगितलं का नाहीस?" ते ओरडले. दुकानासमोरून जाणारी दोन माणसं थांबली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू केवढा खूश होतास छोट्या त्या दिवशी. तुझे भावोजी गेल्यापासून तू हसतच नाहीस, असं तुझी बायको म्हणाली होती." मग म्हणाली, "आणि मला कुठे दुखत होतं?"

डॉक्टरची बंदी खुंटीला टांगून मापवाले दुसऱ्याच दिवशी निघाले. बसच्या मागच्या लांब बाकावर आडवे पडून, डोकं बायकोच्या मांडीवर ठेवून, प्रत्येक खड्ड्याला कण्हत. पोचले तेव्हा ताईची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. दोन बोटं गेली होती. पाऊल राहिलं होतं, निदान आज तरी.

सकाळी डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. तरुण होत्या, तडतड बोलत होत्या. जखम बघून झाल्यावर त्यांनी भाचीला झापायला सुरुवात केली. "एवढं सांगूनसुद्धा तुम्ही बाजारातले तयार बूट घालता यांना? मी इथे जीव तोडून सांगते, बाजारातला बूट नको, नको!"

मापवाल्यांना काही कळेना. भाची खाली बघत होती. पांघरुणाखालून ताईच्या हाताने त्यांचं मनगट घट्ट धरलं. तेव्हा त्यांना उमगलं. ताईने डॉक्टरांना बूट बाजारातून आणले म्हणून सांगितलं होतं. भावाला बोल लागू नये, म्हणून दोन बोटं गमावून वर ती हे खोटंही बोलली होती. तिने मनगटाला चिमटा काढला. गप्प बस, म्हणजे.

गप्प बसणं किती सोपं होतं! डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे वळल्याही होत्या.

"बूट बाजारातले नाहीत," मापवाले म्हणाले. "मी केलेत."

"याचं काही ऐकू नका हो," ताई घाईने म्हणाली. "प्रवासाने डोकं फिरलंय त्याचं."

"ताई, तू बोलू नकोस." त्यांनी सगळं सांगितलं. फोटो, पडदा, काळ्या पट्ट्या, पूर्ण पडदा, नवाला दहा. भाची तोंडाला ओढणी लावून उभी होती.

सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट विचारली. "त्या पडद्यावरून आणखी कुणाचे बूट केलेत?"

परवापासून, बसमध्ये, इथे, मापवाल्यांच्या डोळ्यांसमोर फक्त ताईचं पाऊल होतं. आत्ता एकदम दुसरी पावलं समोर आली. शिवणक्लासवाल्या बाई. शाळेतले निवृत्त शिपाई, ते तर रोज सकाळी चार मैल चालतात. आणि ते पेटीवादक. तिघांनीही घरबसल्या फोटो पाठवले होते. तिघांनीही फोन करून सांगितलं होतं, अगदी छान बसलेत.

मापवाल्यांनी खिशातून मोबाइल काढला, पण त्यांना नंबर सापडेना. तेव्हा बायकोने तो त्यांच्या हातातून घेतला, शिपायांचा नंबर लावला आणि त्यांच्या कानाला धरला.

तीन वेळा वाजल्यावर पलीकडून धापा टाकणारा, आनंदी आवाज आला. "बोला मापवाले! फिरायलाच आलोय, तुमचेच बूट घालून."

"जिथे असाल तिथे बसा," मापवाले म्हणाले. "आणि आधी ते बूट काढा."