हरभऱ्यानं पास केलेलं डांबर

राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं तेव्हा आमच्या कचेरीची पाटी बदलली. रस्ते मात्र तेच राहिले, उन्हाळ्यात पाघळणारे आणि पावसाळ्यात फुटणारे. मी तेव्हा हळ्ळीखेडच्या बाजूला रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होतो. मार्च लागला की दुपारी डांबर इतकं मऊ व्हायचं की एकदा वऱ्हाडातल्या करवलीची चप्पल रस्त्यानं ठेवून घेतली आणि ती बिचारी लंगडत मांडवात गेली. वऱ्हाडानं शिव्या मला दिल्या. चप्पलही मीच उकरून काढली.

आमचे असिस्टंट इंजिनिअर साहेब हे पाहून गप्प बसणारे नव्हते. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, हातात कायम डांबराचं लांबलचक थर्मामीटर. हा माणूस एखाद दिवशी ते चहातही बुडवील अशी आम्हाला धास्ती असायची. त्यांचं म्हणणं साधं होतं. टायर दिवसभर त्याच तापल्या रस्त्यावरून पळतं, पण पाघळत नाही. मग टायरचं रबर डांबरात घालून बघू.

झिजल्या टायरवर नवं रबर चढवणाऱ्या रिमोल्डच्या दुकानांत जुनं टायर घासताना रबराचा भुगा पडतो. तो दुकानदार फेकूनच देत. आम्ही पोत्यांनी आणला आणि उकळत्या डांबरात ओतला. झालं काय, तर भुगा विरघळेना. गोळे होऊन वर तरंगायला लागला. आमचा रोलरवाला म्हातारा, त्याला सगळे चाचा म्हणत, कढईत डोकावून म्हणाला, "साब, आपां रोड बना रैं के गुलगुले तल रैं?" मजूर पोट धरून हसले. हसलो मीही, पण साहेबांकडे पाठ करून.

साहेबांना राग आला नाही. एक गोळा हातात घेऊन ते तो बराच वेळ दाबत बसले. मग मला समजावून सांगितलं की टायर करताना रबर गंधक घालून शिजवतात, त्या गंधकाचे टाके आत इतके पक्के बसतात की रबर डांबरात मिसळत नाही. ते टाके थोडे उसवले पाहिजेत. सगळे उसवले तर वाकळेच्या चिंध्या होतील.

हैदराबादहून एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी कसलं तरी रसायन आणवलं. जाड तेलात ते कालवून त्यात भुगा भिजवायचा, मंद आचेवर अर्धा दिवस फुलवायचा आणि मगच डांबरात सोडायचा. वास म्हणाल तर सडकी अंडी आणि जळका कांदा यांचं लग्न लागल्यासारखा. बायकोनं मला महिनाभर अंगणात जेवायला वाढलं. खोटं वाटत असेल तर आठवडाभर धरा, त्याखाली मी येणार नाही.

पण साहेबांचं काम बघत राहावं असं होतं. गुऱ्हाळातला गुळव्या पाकाची तार बघतो तसे ते पळीवरून पडणारी डांबराची धार बघत. आच दोन लाकडांनी वाढली तरी त्यांना न बघता कळायचं. तिसऱ्या खेपेला रबर डांबरात असं मिसळलं की गोळा शोधूनही सापडेना. चाचानं त्यावर रोलर फिरवला आणि टोपी काढली. त्याची टोपी मी त्याआधी कधी निघालेली पाहिली नव्हती.

अशा डांबराचा दोन फर्लांगांचा तुकडा आम्ही केला. गुलबर्ग्याचे मोठे साहेब मात्र खवळले. विचारल्याशिवाय सरकारी डांबरात भुसकट घातलं म्हणाले. आमच्या साहेबांना लिहून द्यावं लागलं की उन्हाळ्यात डांबर सुटलं तर तुकडा उकरून काढीन आणि पुन्हा प्रयोगाचं नाव घेणार नाही.

शिमगा झाला आणि मोठ्या साहेबांच्या तपासणीचा दिवस आला. आमच्याकडे डांबरी रस्ता म्हणजे बिनभाड्याचं खळं. हरभरा काढला की रस्त्यावर पसरायचा, बस-ट्रका त्याची मळणी करतात. म्हणून मी आजूबाजूला मुकादम पाठवून ताकीद दिली होती, आमच्या तुकड्यावर काडी टाकायची नाही. दुपारी जाऊन बघतो तर दोन्ही फर्लांग घोटाभर हरभऱ्याखाली. अलीकडचा-पलीकडचा रस्ता मात्र साफ रिकामा.

हरभऱ्याची काडं हलवणाऱ्या बाईला मी विचारलं, "अक्का, एवढा रस्ता मोकळा पडलाय. हितंच कामून टाकलाव?"

"तिथं दाण्याला डांबर चिकटतंय की. मागल्या साली निम्मा हरभरा काळा झाला. हितं न्हाई चिकटत."

मी इतका घाबरलो होतो की तिच्या बोलण्याचा अर्थ डोक्यात शिरलाच नाही. हरभरा बाजूला ओढायला लागलो, तोवर जीप आलीच. मोठे साहेब उतरले, रस्ता बघितला, आमच्या साहेबांकडे बघितलं.

"प्रयोग झाकून ठेवलाय होय?"

आमच्या साहेबांचा चेहरा उतरला. मग मला काय बुद्धी झाली कोण जाणे, अक्काचं ते वाक्य मी जसंच्या तसं बोलून टाकलं. आमचे साहेब खाली वाकले, काडांच्या तळातून मूठभर दाणे काढून फुंकले आणि तळहात पुढे केला. दाणे पिवळेधमक. तेच दाणे घेऊन ते शेजारच्या साध्या डांबरावर गेले, टाकले, बुटानं दाबले. उचलले ते काळे, निम्मे तर निघेनातच.

मोठे साहेब उकिडवे बसले. दोन्हीकडे अंगठा रोवून बघितला. साध्या डांबरात ठसा उमटला, आमच्यात नाही. बराच वेळ ते स्वतःचा अंगठाच बघत होते. मग म्हणाले, पुढचे तीन मैल असेच करा आणि कृती कागदावर लिहून पाठवा.

आमचे साहेब काही बोलायच्या आत अक्का पुढे आली.

"बघून झालं आसंल तर जीप दोन खेपा फिरवायला सांगा की, साहेब. सकाळधरनं एकच बस गेलीया."

मोठ्या साहेबांनी ड्रायव्हरला खूण केली. सरकारी जीप हरभऱ्यावरून पुढे-मागे जात राहिली, आणि आमचे साहेब रस्त्याच्या कडेला सरकलेल्या हरभऱ्याला पायानं पुन्हा चाकाखाली लोटत राहिले.